एकशेऐंशी सह्यांचा झेंडा

जपानच्या गिफू प्रांतात हिगाशीशिराकावा नावाचं डोंगरातलं गाव आहे. चहाचे मळे, उतारावरची घरं, वस्ती दोन-सव्वादोन हजारांची. १५ ऑगस्ट २०१७ रोजी त्या गावात अमेरिकेहून ९३ वर्षांचा एक माणूस आला. हा दिवस आपल्याला वेगळ्या कारणासाठी पाठ असतो. जपानमध्ये तो दुसरं महायुद्ध संपल्याचा दिवस. पाहुणा अमेरिकन मरीन दलातला निवृत्त सैनिक होता. त्यानं बरोबर एक कापड आणलं होतं. मध्ये लाल सूर्य, आणि सूर्याभोवतीच्या पांढऱ्या भागात शाईनं केलेल्या सुमारे १८० सह्या.

समोर बसलेल्या ८९ वर्षांच्या शेतकरी म्हाताऱ्यानं ते कापड हातात घेतलं आणि त्यात तोंड खुपसून त्याचा वास घेतला. कापड त्याच्या मोठ्या भावाचं होतं. भाऊ १९४४ साली सायपान बेटावर मारला गेला तेव्हा २५ वर्षांचा होता.

या झेंड्यांना जपानीत 'योसेगाकी हिनोमारु' म्हणतात. हिनोमारु म्हणजे जपानचा सूर्याचा ध्वज, आणि योसेगाकी म्हणजे अनेकांनी मिळून एकाच जागी लिहिणं. आपल्याकडे शाळेच्या शेवटच्या दिवशी पोरं एकमेकांच्या शर्टावर सह्या करतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की हा शर्ट घालून जाणारा अनेकदा परत येत नसे.

१९३०च्या दशकात चीनमधलं युद्ध वाढत गेलं तशी ही प्रथा जपानभर पसरली. घरी भरतीचा लाल कागद यायचा. मग घरचे लोक एक रेशमी किंवा सुती झेंडा घेऊन गल्लीत, शाळेत, कारखान्यात फिरायचे. आजीपासून मास्तरांपर्यंत सगळे त्यावर नाव लिहायचे, बहुतेकदा सूर्यापासून किरणं निघावीत तशी. वरच्या बाजूला ठळक अक्षरांत चार चिन्हं असत, ज्यांचा अर्थ साधारण 'युद्धातलं तुझं दैव अखंड राहो' असा होतो. कुठे देवळाचा लाल शिक्काही असे. घडी घालून तो झेंडा गणवेशाच्या आत, छातीशी ठेवायचा.

त्याच्या जोडीला कमरेला बांधायला 'सेन्निनबारी' असे, म्हणजे हजार जणींच्या हजार टाक्यांचा पट्टा. आई किंवा बायको रस्त्याच्या कडेला, स्टेशनाबाहेर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडून एकेक गाठ मारून घेई. वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईला मात्र आपल्या वयाइतक्या गाठी मारायची मुभा होती, कारण वाघ लांब जातो आणि परत येतो अशी समजूत. पट्ट्यात पाच सेनचं नाणं शिवत, कारण जपानीत 'चार सेन' आणि 'मरणरेषा' यांचा उच्चार सारखाच, आणि पाच हे चाराच्या पुढचं. सरकारी भाषा सम्राटासाठी मरण्याची होती. घरातल्या बायका मात्र शिवणाच्या टाक्यांत 'परत ये' एवढंच लिहीत होत्या. मला या सगळ्या प्रकारात हा विरोधाभास सर्वांत बोलका वाटतो.

आता दुसरी बाजू. पॅसिफिकमध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना हे झेंडे युद्धातली सर्वांत सोयीची आठवणवस्तू वाटत. हलके, घडी होणारे, शत्रूचं चिन्ह असलेले. तलवार मिळाली तर उत्तमच, पण ती अधिकाऱ्यांकडे असे. झेंडा साध्या शिपायाच्या खिशातही सापडायचा. मागच्या फळीतले खलाशी आणि वैमानिक त्यासाठी पैसे मोजायचे, दारूच्या बाटल्या द्यायचे. याच युद्धात काही जणांनी मेलेल्यांची हाडंसुद्धा नेली. १९४४ साली एका अमेरिकन खासदारानं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना जपानी सैनिकाच्या हाताच्या हाडापासून केलेली पत्रं उघडायची सुरी भेट दिली होती. रूझवेल्ट यांनी ती नंतर परत पाठवली. तेव्हा झेंडा नेणं हे त्या मानानं सौम्यच म्हणायचं.

मेलेल्याचे खिसे तपासण्यामागे दर वेळी हाव नसे. मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या डोंगरात शांगशाक इथे लढाई झाली. तिथे ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढत होती. एका रात्रीच्या हल्ल्यानंतर पडलेल्या जपानी अधिकाऱ्याच्या अंगावर नकाशा सापडला आणि त्यावर इम्फाळ आणि कोहिमाकडे जाण्याचा जपानी बेत दिसत होता. वेढ्यातून रात्री माणूस पाठवून तो इम्फाळला पोहोचवला गेला. म्हणजे मृताच्या अंगावरचा कागद हजारोंच्या जिवाचा प्रश्न असू शकत होता. झेंड्यावरच्या सह्यांमध्येही पलटणीचा सुगावा असू शकतो, म्हणून नियमाप्रमाणे तोही आधी गुप्तवार्ता विभागाला दाखवायचा असे.

कायदा काय म्हणत होता? १९२९च्या जिनेव्हा करारात स्पष्ट होतं की रणांगणावर किंवा मृतांच्या अंगावर सापडलेल्या खासगी वस्तू दोन्ही बाजूंनी गोळा करून एकमेकांकडे पोहोचवाव्यात. १९४९च्या करारानं तेच पुन्हा सांगितलं आणि ज्यांना पैशाचं नाही पण मनाचं मोल आहे अशा वस्तूही त्यात धरल्या. कागदावर सगळं होतं. सायपानच्या उसाच्या शेतांत ते कुणाला आठवणार होतं?

हिगाशीशिराकावाला आलेला तो सैनिक तेव्हा जेमतेम विशीतला होता. सायपानची लढाई १५ जून ते ९ जुलै १९४४ अशी चालली. बेटावर जवळपास ३० हजार जपानी सैनिक होते आणि त्यांतले बहुतेक सगळे मेले. गारापान शहराच्या बाहेर हा मरीन आपल्या तुकडीपासून वेगळा पडला आणि त्याला एक जपानी सैनिक डाव्या कुशीवर पडलेला दिसला. अंगावर मोठी जखम नाही, झोपल्यासारखा. कोटातून कापडाचं टोक बाहेर आलं होतं. आपण नाही घेतलं तर दुसरा कुणीतरी नेईल आणि ते कायमचं हरवेल, असं मनाशी म्हणत त्यानं झेंडा काढून घेतला. आपण तो एक दिवस परत करू, असा शब्दही मनात दिला, हे त्यानं म्हातारपणी सांगितलं. इतक्या वर्षांनी सांगितलेल्या आठवणीवर थोडं वर्ख चढतंच. पण पुढे त्यानं जे केलं ते पाहता मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

मॉन्टानातल्या घरी, बंदुका ठेवायच्या काचेच्या कपाटात तो झेंडा अनेक दशकं होता. येणारे-जाणारे विचारायचे. त्यावरची अक्षरं वाचता येणारं मात्र कुणी नव्हतं.

इकडे गावातल्या घरी सरकारकडून एक लाकडी पेटी आली होती. आत होते काही दगड. युद्धाच्या उत्तरार्धात जपानला आपल्या मृतांच्या अस्थी आणणं शक्यच नव्हतं. त्यामुळे अशा पेट्या घरोघर गेल्या. कुणाच्या पेटीत दगड, कुणाच्या वाळू, कुणाच्या नुसता नाव लिहिलेला कागद. आपल्याकडे देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करतात, त्यामागे तरी काही शास्त्राचा आधार असतो. इथे आईबापांच्या हातात सरकारनं दगड ठेवले होते. परदेशात मेलेल्या सुमारे २४ लाख जपान्यांपैकी जवळपास निम्म्यांचे अवशेष आजही परत आलेले नाहीत. २०१६ साली त्यासाठी जपानला खास कायदा करावा लागला.

ही दोन टोकं जोडली ती ओबॉन सोसायटी नावाच्या छोट्या संस्थेनं. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या अ‍ॅस्टोरिया गावात रेक्स आणि केको झिआक या नवराबायकोनं ती २००९ साली सुरू केली. केको यांचे आजोबा ब्रह्मदेशात लढताना बेपत्ता झाले होते आणि घरात त्यांचं काहीही परत आलं नव्हतं. २००७ साली त्यांचा सह्यांचा झेंडा अचानक कॅनडातून घरी परतला. त्या प्रसंगातून संस्था उभी राहिली. नाव घेतलं ओबॉन या सणावरून. ऑगस्टच्या मध्यात पितर घरी येतात अशी श्रद्धा असलेला हा सण, आपल्या पितृपक्षाचा लांबचा भाऊ म्हणता येईल. फक्त जपानी लोक पितरांसाठी दिवे लावून नाचतातही.

नाव सापडलं की काम झालं असं वाटेल, पण खरी कटकट तिथेच सुरू होते. झेंड्यावर पत्ता नसतो. अक्षरं कुंचल्यानं, वळणदार जुन्या लिपीत लिहिलेली, आजच्या जपानी तरुणालाही पटकन न लागणारी. आपल्याला आजोबांची मोडी लागत नाही तशी. त्यात ऐंशी वर्षांची घामाची, रक्ताची, ओलीची पुटं. मग अभ्यासक देवळाचं नाव शोधतात, शाळा किंवा कारखान्याचा उल्लेख पाहतात. सर्वांत उपयोगी पडतात ती आडनावं. जपानमध्ये सामान्य माणसाला आडनाव सक्तीचं झालं १८७५ साली, त्यामुळे कित्येक आडनावं अजून ठरावीक खोऱ्यांत दाटीनं आढळतात. एखाद्या यादीत पाटणकर, कराडकर आणि उंब्रजकर एकत्र दिसले तर तुम्ही नकाशावर बोट कुठे ठेवाल, तसंच हे.

मॉन्टानातला झेंडा २०१२नंतर या संस्थेच्या संपर्कात आला. सह्यांवरून गाव सापडलं. त्या १८० जणांपैकी सात जण तोवर हयात होते. भावाला झेंड्याइतकीच दुसरी एक गोष्ट हवी होती: तो कुठे आणि कसा गेला. निघायच्या आधीच्या भेटीत भाऊ एवढंच म्हणाला होता की बहुधा पॅसिफिकमध्ये पाठवतायत, मी परत येणार नाही, आईवडिलांना सांभाळ. ७३ वर्षांनी, त्याला शेवटचं पाहणाऱ्या माणसाकडून, कळलं की गारापानच्या बाहेर, डाव्या कुशीवर, चेहरा शांत.

सगळ्या गोष्टी इतक्या नीट जुळत नाहीत. कुठे घरात कुणी उरलेलंच नसतं. काहींना तो झेंडा घरात नको असतो, कारण त्या युद्धाबद्दल घरात कधी बोललं गेलं नाही. आणि चीन, कोरिया किंवा फिलिपिन्समधल्या माणसाला हा लाल सूर्य पाहून सह्या करणारी आजी आठवत नाही. जळलेलं गाव आठवतं. छातीशी हा झेंडा ठेवलेल्या माणसांनीच नानजिंगमध्ये काय केलं ते त्या कापडावर लिहिलेलं नसतं. माझ्या मते झेंडा परत करणं म्हणजे त्या सैन्याला माफी देणं नव्हे. तो एका घराचा आहे, म्हणून त्या घरी जातो. पण ही शंका घेणाऱ्याला भावनाशून्य म्हणून गप्प बसवणंही बरोबर नाही.

बाजार तर आहेच. हे झेंडे ऑनलाइन लिलावात विकले जातात आणि किंमत येते म्हटल्यावर नकलीही निघतात. संग्रहालयांनाही प्रश्न पडतो. टेक्सासमधल्या 'लेक्सिंग्टन' या युद्धनौकेवरच्या संग्रहालयात असा एक झेंडा २९ वर्षं काचेत होता. तो सैनिकही सायपानवरच गेलेला. २०२३ साली संग्रहालयानं तो मुलाच्या हाती दिला. मुलगा तोवर ऐंशी ओलांडून गेला होता.

आपल्याकडच्या घरांत याची उलटी वस्तू सापडते, सरकारनं घरी पाठवलेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यासाठी मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची चकती दिली गेली. ब्रिटानिया, सिंह, आणि उठावात मृताचं नाव. लोक तिला 'मेलेल्याची पेनी' म्हणत. साताऱ्याच्या अपशिंगे गावानं त्या युद्धात ४६ माणसं गमावली. मेसोपोटेमियात मराठे मोठ्या संख्येनं गेले. या चकत्या आज जुन्या बाजारात, नाण्यांच्या प्रदर्शनात, लिलावात दिसतात. घरात कुणाला इंग्रजी येत नव्हतं, ब्राँझला भाव होता, दुष्काळ पडला की भांड्यांबरोबर तीही मोडीत गेली.

ती परत करणं झेंड्यापेक्षा अवघड आहे. चकतीवर हुद्दा नाही, पलटण नाही, गाव नाही. मरणात सगळे समान, म्हणून मुद्दाम वगळलेलं. आणि 'गणू' किंवा 'राम जाधव' एवढ्या नावावरून सातारा-रत्नागिरीत कुणाला शोधणार? समानतेचं हे तत्त्व इतर ठिकाणी मात्र पाळलं गेलं नाही: बसराच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि साध्या शिपायांचे फक्त आकडे. ती नावं आता राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन यादीत मोफत शोधता येतात. काही नोंदींत बापाचं नाव, गाव आणि तालुकाही दिलेला असतो, इंग्रज कारकुनाला ऐकू आला तसा. त्यामुळे शोधताना स्पेलिंग चार-पाच प्रकारे टाकून पाहावं लागतं.