गर्भारंभीचे जनुकनियंत्रण आणि मातेचे पोषण : पुणे-मुंबईतील संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एकाच जनुकसंचापासून यकृत आणि मेंदू यांच्या भिन्न पेशी कशा घडतात, याचे उत्तर केवळ जनुकांच्या क्रमातून मिळत नाही. या प्रश्नाच्या अनुषंगाने कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये 'एपिजेनेटिक्स' ही संकल्पना मांडली. महाराष्ट्रातील पोषणसंशोधनाशी तिचा संबंध कसा जुळला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रयोगशाळेतील वाटचाल :
मादी सस्तन प्राण्याच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय होते, असे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये प्रतिपादन केले. केवळ मातेच्या अथवा केवळ पित्याच्या जनुकसंचावर उंदराचा भ्रूण पूर्ण वाढू शकत नाही, हे १९८४ मध्ये अझीम सुरानी आणि त्यांचे सहकारी, तसेच मॅकग्रा व सोल्टर यांनी स्वतंत्रपणे दाखविले. मातृ-पितृ जनुकांवर भिन्न खुणा असतात, हे त्यातून स्पष्ट झाले. मिथिल गट ही त्यांतील प्रमुख खूण होय. फलनानंतर डीएनएवरील बहुतांश मिथिल खुणा पुसल्या जातात आणि भ्रूण गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास नव्याने उमटतात. मिथिल गटांच्या निर्मितीसाठी फोलेट व ब-१२ जीवनसत्त्व आवश्यक असते.

महाराष्ट्रातील अभ्यास :
पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये जिल्ह्यातील सहा खेड्यांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू झाला. ब-१२ कमी व फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-रोध सर्वाधिक आढळला (२००८). मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना २००६ पासून गर्भधारणेपूर्वीच पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ दिला गेला. एकंदर जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्या स्त्रियांच्या बालकांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले (२०१४). पुढे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मुंबईच्या या मुलांच्या मिथिल खुणांत निश्चित फरक दिसला नाही.

निष्कर्ष :
सबब, मातेच्या आहाराचा परिणाम मिथिल खुणांद्वारेच होतो, हा सिद्धान्त म्हणून शिकविणे घाईचे ठरेल. तथापि गर्भाची नोंद होते तेव्हा खुणा पुसण्याचा टप्पा उलटून गेलेला असतो, हे निर्विवाद आहे. म्हणून नोंदणीपासून सुरू होणारी पोषणयोजना पुरेशी नाही. तिचा आरंभ किशोरवयीन मुलींपासून व्हावयास हवा. ही जबाबदारी एकट्या मातेची नसून समाजाची व शासनाचीही आहे.