पितळेवरच्या तारखा

‘ट्रेंच आर्ट’ला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘खंदककला’ हा शब्द आम्ही काही काळ वापरून पाहिला. पण तो जितका नेटका तितकाच फसवा आहे, कारण या नावाखाली जमा होणाऱ्या वस्तूंपैकी फार थोड्या प्रत्यक्ष खंदकात घडल्या. शत्रू हाकेच्या अंतरावर असताना हातोडी घेऊन पितळ ठोकत बसणे म्हणजे त्याला आपला ठावठिकाणा कळवणेच. हे काम झाले ते पिछाडीच्या छावण्यांत, दुरुस्तीच्या कारखान्यांत, इस्पितळांत, युद्धकैद्यांच्या तळांवर, आणि सैन्याच्या वाटेवरल्या बाजारांत. निकोलस साँडर्स या ब्रिटिश अभ्यासकाने या वस्तूंकडे मानववंशशास्त्राच्या दृष्टीने पाहिले आणि सैनिकांनी केलेल्या, नागरिकांनी केलेल्या व व्यापारी कारखान्यांनी काढलेल्या अशी त्यांची वर्गवारी केली. संग्राहकाला ही वर्गवारी पटते, पण आवडत नाही. त्याला प्रत्येक फुलदाणीमागे एक शिपाई हवा असतो.

दहिसर हे काही लष्करी ठाणे नव्हे. १९५७ साली बृहन्मुंबईत आलेल्या या गावाची ओळख नदी, चेकनाका आणि लोकलची गर्दी एवढीच. तरीही आमच्या संग्रहातल्या बऱ्याच वस्तू इथल्याच घरांतून आणि भंगाराच्या दुकानांतून आल्या. कारण उघड आहे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर हे भरतीचे जिल्हे; तिथली कुटुंबे गिरणी-गोदीच्या मागे मुंबईत आली, चाळींतून उपनगरांत सरकली, आणि प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर एखादी ट्रंक सरकत राहिली. घर बदलताना ट्रंक उघडते, तिच्यातले पितळ मोडीत जाते. भंगारवाला ते किलोवर घेतो. त्याच्या काट्याला तांब्या आणि तोफेचे नळकांडे सारखेच.

अशा नळकांड्याची खरी बखर त्याच्या तळाशी असते. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश अठरा-पौंडी तोफेचे काडतूस सुमारे साडेअकरा इंच उंच आणि तोंडाशी सव्वातीन इंचांहून किंचित रुंद. तळावर तोफेचा प्रकार, बनावटीचा क्रमांक, कारखान्याची आद्याक्षरे (वुलिचच्या सरकारी कारखान्याची ‘आर. एल.’, एल्सविकची ‘ई. ओ. सी.’), सरकारी मालकी सांगणारा रुंद बाण आणि बहुधा साल. ‘सी. एफ.’ म्हणजे कॉर्डाइटचा पुरा भार. पितळ महाग असल्याने झाडलेली नळकांडी गोळा करून परत पाठवत व पुन्हा भरत. म्हणून काही तळांवर जुने शिक्के खोडून नवे मारलेले दिसतात. म्हणजे शिपायाने ठेवून घेतलेली फुलदाणी ही काटेकोरपणे पाहता सरकारी मालाची अफरातफर होती, आणि ती गुपचूप खपवून घेतली जात असे! नक्षीची रीत मात्र आपल्या तांबटाला अनोळखी नाही: पितळ तापवून मऊ करायचे, आत राळ किंवा शिसे भरायचे आणि बाहेरून खिळ्याने वा पोगराने ठोकायचे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दहिसरमध्येच मिळालेल्या एका फुलदाणीवर पानांची वेल आहे आणि तिच्याखाली रोमन अक्षरांत, ठिपक्या-ठिपक्यांनी, ‘बसरा १९१७’. देणाऱ्या घराची कथा अशी की पणजोबा कुतच्या वेढ्यात होते आणि तिथे बसून त्यांनी ती घडवली. तळावरचे साल १९१६.

मेसोपोटेमियाची मोहीम महाराष्ट्राच्या जितकी जवळची, तितकीच आपल्या इतिहासलेखनात दुर्लक्षित. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तैग्रिसच्या काठाने वर सरकलेले सैन्य हे सहावे, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजन; १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्यात होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला बगदादची वाट अडली, सैन्य कुत-अल-अमाराला मागे आले आणि ७ डिसेंबरला वेढा पडला. तो जवळजवळ पाच महिने चालला. घोड्यांचे मांस खाण्याला बहुतेक हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नकार दिला आणि स्कर्व्हीने त्यांना पोखरले. अखेरीस विमानांतून धान्याची पोती टाकून पाहिली. तीही पुरली नाहीत. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले आणि कित्येक परतले नाहीत.

आता तळाकडे पुन्हा पाहू. जिथे धान्य पोहोचत नव्हते, तिथे १९१६ साली विलायतेत ओतलेले काडतूस पोहोचणे शक्य नाही. शिवाय वेढ्यात सापडलेला माणूस १९१७ साली बसऱ्यात नव्हे, तुर्कांच्या कैदेत असायचा. मग घरची कथा खोटी? आम्हांला तसे वाटत नाही. कैदेत गेलेल्या या पलटणी नवी भरती करून पुन्हा उभारल्या गेल्या, आणि मार्च १९१७ मध्ये बगदाद घेणाऱ्या सैन्याचा सारा पुरवठा बसऱ्यावरूनच चाले. ‘कुतवाल्या पलटणीतले’ हे विशेषण दोन पिढ्यांत ‘कुतला होते’ असे झाले असावे. कुटुंबाची आठवण माणसाबद्दल चुकली, पलटणीबद्दल नव्हे. वेल त्यांनी स्वतः ठोकली की बाजारातून घेतली, हा प्रश्न वेगळा. अमारा शहरातले मंदाई पंथाचे सोनार चांदीच्या डब्यांवर काळ्या मिन्याने नावा आणि खजुराची झाडे काढून सैनिकांना विकत, हे ज्ञात आहे. आठवणींचा व्यापार तेव्हाही तेजीत होता.

या खटाटोपाचे कारण केवळ हौस नाही. १९२९ साली उभारलेल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली; हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची कोरली गेली; पण हिंदी शिपाई तिथे केवळ संख्येने नोंदले गेले. आपल्या गावोगावच्या संगमरवरी पाट्याही तशाच: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. नाव सापडते ते पदकाच्या कडेवर, कारण ‘ब्रिटिश वॉर मेडल’च्या कडेला क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असे. ते पदक चांदीचे होते, हे त्याचे दुर्दैव. सोनाराच्या मुशीत किती नावे वितळली असतील! म्हणून आम्ही घरोघर आधी पदकाची चौकशी करतो, नळकांड्याची नंतर.

संग्रह करू इच्छिणाऱ्यांना दोन-तीन सूचना. न झाडलेले काडतूस, किंवा ज्याबद्दल शंका आहे असे कोणतेही, हात न लावता पोलिसांना कळवावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी भावंडांना ‘आजोबांची आठवण’ पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि चिंच लावून घासू नये. बसऱ्याच्या फुलदाणीवर ‘१९१७’ मधला सात आता बोटाला लागतो, डोळ्यांना जेमतेम दिसतो. शंभर दसऱ्यांचे घासणे आहे ते.