मराठी टायपिंगसाठी छोटा मेकॅनिकल कीबोर्ड: कोणता स्विच घ्यावा, कोणती बटणं सोडू नयेत?

संगमनेर, श्रीरामपूर, शेवगाव... अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी तहसील कचेरीच्या आसपास दिवसभर टाइप करणारी माणसं भेटतात. कोणी प्रतिज्ञापत्रं करून देतं, कोणी आपले सरकार सेवा केंद्रात दाखल्यांचे अर्ज भरतं. शिवाय टायपिंगची परीक्षा देणारी मुलंमुली आहेतच. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. यातल्या बहुतेकांसमोर संगणकाबरोबर मिळालेला साधा कीबोर्ड असतो. संध्याकाळपर्यंत बोटं भरून आली, की दोष वयाला दिला जातो किंवा खुर्चीला.

नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा सुमारे नऊ हजार ओव्या सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतल्या, असं परंपरा सांगते. उतरवून घेणाऱ्याच्या बोटांची विचारपूस तेव्हाही कुणी केली असेल असं वाटत नाही.

साधा आणि मेकॅनिकल, फरक काय?

साध्या कीबोर्डात बटणांखाली रबराचा पडदा असतो. बटण जवळजवळ तळापर्यंत दाबलं, की अक्षर उमटतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला वेगळा स्विच असतो. चेरी या जर्मन कंपनीचे एमएक्स स्विच १९८० च्या दशकात आले आणि आजही बाजारातली मोजमापं त्यांच्याच हिशेबाने चालतात. त्यात बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटतं. म्हणजे तळाला आपटायची गरज नाही. ही सवय लागायला थोडे दिवस जातात आणि ती लागली नाही, तर महागडा कीबोर्ड घेऊनही बोटांचे कष्ट फारसे कमी होत नाहीत.

पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, कैल, आउटेमू या चिनी कंपन्यांनी तसेच स्विच बनवायला सुरुवात केली आणि किमती उतरल्या. आता भारतात दोन-तीन हजारांपासून बरे छोटे मेकॅनिकल कीबोर्ड मिळतात.

लाल, तपकिरी की निळा?

स्विचचा रंग ही फक्त ओळखखूण आहे. लाल स्विच सरळ खाली जातो, मध्ये कुठेही अडत नाही आणि त्याला सुमारे ४५ ग्रॅम दाब लागतो. तपकिरीला सुमारे ५५ ग्रॅम लागतो आणि अक्षर उमटतं तिथे बोटाला हलकासा उंचवटा जाणवतो. निळ्याला ६० ग्रॅमच्या आसपास दाब हवा आणि तो प्रत्येक अक्षराला टकटक वाजतो. टाइपरायटरची आठवण येते म्हणून बरेच जण निळा घेतात. स्वतःच्या खोलीत ठीक आहे. अभ्यासिकेत किंवा चार माणसांच्या घरात रात्री तो नको.

कमी कष्ट हाच हेतू असेल, तर लालपासून सुरुवात करावी. आवाजही नको असेल, तर लालचाच सायलेंट प्रकार मिळतो. गेटरॉनचा क्लिअर स्विच तर ३५ ग्रॅमच्या आसपास दबतो, मात्र इतक्या हलक्या स्विचवर नुसतं बोट टेकलं तरी अक्षर उमटतं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. तपकिरी हा मधला मार्ग म्हणून विकला जातो, पण करंगळी दुखणाऱ्याला त्याचा फायदा कमीच.

सध्याच्या कीबोर्डचा दाब घरीही पाहता येतो. १० रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. बटणावर एकेक नाणं अलगद रचत जायचं. सहा नाण्यांत अक्षर उमटलं, तर दाब लालएवढा आहे. आठ नाणी लागली, तर निळ्याएवढा.

मराठीत करंगळीचा प्रश्न मोठा का?

स्विच निवडण्याचा सल्ला सहसा इंग्रजी टायपिंग धरून दिलेला असतो. इनस्क्रिप्टवर हिशेब बदलतो. या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत. ज, च, ट, ड, य आणि ॉ ही सगळी उजव्या करंगळीकडे येतात. ‘जिल्ह्याच्या’ हा सरकारी कागदात पदोपदी येणारा शब्द घ्या. त्याला १२ बटणं दाबावी लागतात. ज, य, च, य मिळून ४ वेळा उजवी करंगळी, आणि तीन हलन्त व दोन काने मिळून ५ वेळा डाव्या हाताचं मधलं बोट. उरलेल्या सगळ्या बोटांच्या वाट्याला फक्त ३. सर्वांत अशक्त बोटावर इतका भार असताना १५ ग्रॅमचा फरक दिवसअखेर जाणवतोच.

किती छोटा चालेल?

पूर्ण कीबोर्डला १०४ बटणं असतात. उजवीकडचे आकडे काढले की ८७ उरतात. त्याहून छोटे ८४, ६८ आणि ६१ बटणांचे. छोट्या कीबोर्डचा खरा फायदा टेबलावरच्या जागेपेक्षा खांद्याला होतो, कारण माउस जवळ येतो.

६१ बटणांत मराठीची सगळी अक्षरं बसतात, पण बाणांची बटणं दुसऱ्या बटणांत दडवलेली असतात. चुकलेली वेलांटी सुधारायला मागे-पुढे जाणाऱ्याला हा जाच होतो. ४० टक्के म्हणून विकला जाणारा, आकड्यांची ओळच नसलेला कीबोर्ड मराठीसाठी घेऊच नये. क्ष, ज्ञ, त्र, श्र यांची थेट बटणं त्या ओळीवर शिफ्टसह असतात. ती अक्षरं हलन्त लावून जोडता येतात, पण वेग जातो.

उजवी शिफ्टही आधी पाहून घ्यावी. ६४ बटणांच्या काही कीबोर्डांत ती एका साध्या बटणाएवढी आखडलेली असते. अ, आ, इ, ई, उ, ऊ हे सगळे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्टसह येतात, म्हणजे दहा बोटांच्या पद्धतीत प्रत्येक वेळी उजवीच शिफ्ट दाबायची. इंग्रजीत फारशी न खुपणारी ही काटकसर मराठीत रोज नडते. एकंदरीत ६८ किंवा ८४ बटणांचा कीबोर्ड सोयीचा.

डीटीपीवाल्यांचं गणित वेगळं आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरं ऑल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांनी काढावी लागतात. विंडोजमध्ये वरच्या ओळीचे आकडे त्यासाठी चालत नाहीत. त्यांनी छोट्याच्या नादी लागू नये किंवा सुटं नंबरपॅड बरोबर घ्यावं.

देवनागरी अक्षरं छापलेला मेकॅनिकल कीबोर्ड सहज मिळत नाही. न बघता टाइप करता येत नसेल, तर स्टिकर चिकटवावे लागतील.

उंची आणि दुरुस्ती

मेकॅनिकल कीबोर्ड जाड असतो, त्यामुळे मनगट वर मोडतं. मागचे पाय उघडू नयेत, ते मनगट आणखी वाकवतात. लो-प्रोफाइल प्रकार बुटका असतो, पण त्याचे स्विच वेगळ्या मापाचे असल्यामुळे नेहमीचे त्यात बसत नाहीत.

अकोले किंवा पाथर्डीत राहणाऱ्याला एका बटणासाठी कीबोर्ड पुण्याला पाठवणं परवडणारं नाही. म्हणून हॉट-स्वॅप कीबोर्ड घ्यावा. त्यात बिघडलेला स्विच चिमट्याने उपटून नवा बसवता येतो, डाग द्यावा लागत नाही. घेताना ३ पिनांचे स्विच बसतात की ५ पिनांचेही, हे विचारावं. काही स्वस्त कीबोर्डांत फक्त आउटेमूचे बारीक पिनांचे स्विच जातात.

परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी शेवटचे दोन-तीन आठवडे साध्या कीबोर्डवरच सराव करावा. केंद्रावर तोच समोर येण्याची शक्यता जास्त आणि ४५ ग्रॅमला सरावलेल्या बोटांची अक्षरं तिथे अर्धवट दाबल्यामुळे गळतात.