स्वेद-मद्यार्क संवेदक

मनगटावर वा घोट्यावर बांधून, त्वचेवाटे उत्सर्जित होणाऱ्या मद्यार्काचे अखंड मापन करणारे उपकरण. प्राशन केलेला बहुतेक मद्यार्क यकृतात विघटित होत असला, तरी सुमारे १ टक्का घाम व त्वचाबाष्प यांवाटे बाहेर पडतो. इंधनघटात किंवा अल्कोहोल ऑक्सिडेज या विकराच्या साहाय्याने त्याचे ऑक्सिडीकरण होताना जो विद्युत्प्रवाह उद्भवतो, त्यावरून प्रमाण अजमावतात. रक्तातील चढउतार त्वचेवर बऱ्याच विलंबाने उमटत असल्याने, आणि हात निर्जंतुक करण्याचे द्रावणही खोटा संकेत देत असल्याने, तत्काळ तपासणीस हे साधन निरुपयोगी होय. म्हणूनच मुळशी तालुक्यातून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरणाऱ्या, वर्षाकाळी पर्यटकांनी गजबजणाऱ्या धोक्याच्या रस्त्यावर मद्यपी चालकास अटकाव करण्यास श्वासविश्लेषकच हवा. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम १८५ अन्वये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. संवेदकाचे खरे क्षेत्र दीर्घकालीन देखरेखीचे : अमेरिकेतील न्यायालये घोट्यावरचा ‘स्क्रॅम’ पट्टा सुटकेची शर्त म्हणून फर्मावतात. पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट यांनी स्थापिलेल्या मुक्तांगणासारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत, जेथे उपचाराचा पाया परस्परविश्वास हाच असतो, तेथे असा पट्टा योजायचा झाल्यास तो रुग्णाच्या राजीखुशीनेच योजावा.