आजीचं चरित्र जात्यापाशी

पहिला कोंबडा आरवायच्या आत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत घरघर सुरू व्हायची. दगडावर फिरणारा दगड आणि त्या घरघरीवर चढत जाणारा बाईचा गळा. घरात सगळ्यांच्या आधी उठलेली असायची ती आजी. एक पाय पसरलेला, दुसरा दुमडलेला, एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हातानं जात्याच्या तोंडात जोंधळ्याचा घास. समोर सून येऊन बसली की एकाच खुंट्याला दोघींचे हात लागत आणि दळण हलकं होई. पाळूच्या कडेनं पीठ झरत राही, सूप रिकामं होत जाई आणि एकीमागून एक ओवी निघे.

या आजीचं आयुष्य कुठे लिहून ठेवलेलं नसे. सातबाऱ्यावर नाव नाही, शाळेच्या हजेरीपटावर नाही. तिनं किती बाळंतपणं निभावली, किती लेकरं वाढवली आणि त्यातली किती हातची गेली, कोणत्या दुष्काळात कोणाच्या दारी भाकरी पोचवली, याचा कागद नाही. तिनं ते सांगितलं जात्याला. म्हणून तिचं चरित्र शोधायचं तर ओवीतच शोधावं लागतं.

काम करताना ओवी गायची ही रीत फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ज्ञानदेवांनी गीतेच्या टीकेसाठी ओवी हाती घेतली, तेव्हा ती निदान दीडशे वर्षं बायकांच्या तोंडी रुळलेली होती. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हा मान उखळ-मुसळाशी राबणाऱ्या बायकांचा आहे, आणि तो त्यांना अजून पुरता दिला गेलेला नाही.

त्यांचा देवही या राबण्यातला वाटेकरी होता. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली आणि तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसला, असं वारकरी मानतात. पंढरपुराजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. वारीला आलेल्या बायका त्याचा खुंटा धरून दोन फेरे फिरवतात. देवळात हात जोडण्यापेक्षा हा नमस्कार त्यांच्या अधिक ओळखीचा असतो.

ओव्यांना क्रम असे. पहिली, दुसरी, तिसरी अशी मोजत देवादिकांना द्यायच्या, मग आईबापांना. त्यानंतर भाऊ येई, आणि भावावर आजी थांबायची नाही. म्हातारपणीही माहेरची वाट, तिथलं बोरीचं झाड, दिवाळीला न्यायला येणारा भाऊ. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, त्यामुळे तो आडवळणानं येई. सासुरवास मात्र सीतेच्या तोंडून बोलला जाई. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ध्वनिमुद्रित ओव्यांत सीतेचा वनवास ऐकला, तर ती अयोध्येची राणी राहत नाही. घराबाहेर काढलेली गावातलीच बाई होते.

श्रद्धा बदलली तशी ओवीही बदलली. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी त्याच चालीत बाबासाहेब आणि बुद्ध गायले. देवाच्या जागी बाबासाहेब आले, पण पहिली ओवी कोणाला द्यायची हा हक्क बाईनं आपल्याकडेच ठेवला.

दळणाचे गोडवे गाताना एक विसरू नये: ते कष्टाचं काम होतं. तळहाताला घट्टे पडत, खांदे भरून येत, आजारपणातही दळण चुकत नसे. पाळू गुळगुळीत झाली की पीठ जाडंभरडं पडे. मग टाकारी दारावर येऊन छिन्नी-हातोडीनं दगडाला नव्यानं टाके घाली आणि पहिलं कचकचीत पीठ फेकून द्यावं लागे. ऑईल इंजिनावरची गिरणी गावात आली आणि डब्यातून दळण नेता येऊ लागलं, तेव्हा बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो रास्तच होता. जातं लग्नघरात हळद दळण्यापुरतं उरलं. पण खुंटा सुटला तशी ओवीही सुटत गेली. हात फिरल्याशिवाय ओवी आठवत नाही, असं म्हाताऱ्या बायका सांगत, आणि ते खरं होतं.

काही आज्यांच्या नशिबी ऐकणारे आले. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. तिशीत वैधव्य आलं, पदरात मुलं, पुढे शेती आणि घरोटा, म्हणजे जातं. त्या गात राहिल्या. घरच्यांनी त्यातलं जमेल तेवढं वहीत टिपून ठेवलं म्हणून ते वाचलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. मुलगा सोपानदेव स्वतः कवी नसता, तर ती वही लेखक आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली असती का?

ज्यांच्या घरी कवी नव्हता, त्यांच्यासाठी दोन माणसं गावोगाव फिरली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन भारताचे नागरिक झालेले गी पॉयत्वाँ. मुळशीच्या डोंगराळ भागात गरीब बायकांबरोबर काम करताना, १९८० च्या दशकात, त्यांनी ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. पुढे त्यांचे सहकारी बर्नार बेल यांनी त्यातल्या अनेक ध्वनिमुद्रित केल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गायिका आणि १,१०,००० हून जास्त ओव्या असा हा साठा आहे. पॉयत्वाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून ‘परी’ हे ग्रामीण भारताचं संग्रहालय या ओव्या गायिकेच्या आणि गावाच्या नावासकट लोकांपुढे ठेवत आहे. नावासकट, हे फार मोलाचं. जिचं नाव कुठेच नव्हतं, तिचं नाव तिच्या ओवीखाली आलं.

ज्यांनी जातं ओढलं, त्या आज्या आता ऐंशी-नव्वदीत आहेत. घराच्या मागल्या पडवीत जातं पालथं पडलं असेल, तर या सुट्टीत ते धुऊन आजीसमोर मांडा. मूठभर ज्वारी आणा. तिचा हात खुंट्यावर ठेवा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि गप्प बसा. आणि फाईलला नाव देताना नुसतं ‘आजी’ लिहू नका. तिचं पूर्ण नाव लिहा, माहेरच्या गावासकट.