आधी जुळवा, मग खेळा

दिवाळीत मातीचा किल्ला ज्याने एकदा तरी केला आहे, त्याला एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. किल्ला बांधून झाला, आता खेळू या, असे कधी होत नाही. दगड गोळा करणे, पोते चिखलात भिजवून डोंगराला कडा काढणे, उतारावर अळीव पेरणे, हाच खेळ. मावळे मांडून झाले, महाराज सिंहासनावर बसले, की दुसऱ्याच दिवशी पोरे या बुरुजाला चोरवाट कशी करावी यावर भांडू लागतात. हल्ली बाजारात तयार किल्ले मिळतात. ते सुबक असतात, रंगही छान असतो. परंतु त्यांच्यापाशी मुले फार वेळ रेंगाळताना मी काही पाहिली नाहीत.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तेव्हा संगणकाच्या शास्त्रावर अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. पण नववी-दहावीची मुले मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि कॅबिनेट यांवर ज्या तावातावाने वाद घालतात, तो ऐकताना मला तो किल्लाच आठवतो. त्यांचे पालक मात्र हैराण असतात. “सर, खेळायचंच आहे ना, मग टीव्हीला जोडायचा तयार डबा घे म्हणावं. हे सुटे भाग आणायचे, स्क्रू पिळत बसायचं, हे कशासाठी?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरलो आणि तिथे मोठी मौज आढळली. ही दोन वेडे कधी वेगळी नव्हतीच. यंत्र जुळवणारे हात आणि खेळणारे हात पहिल्यापासून एकाच माणसाचे होते.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, १९६१ साली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने आपला पीडीपी-१ हा संगणक मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेला दिला. किंमत सुमारे सव्वा लाख डॉलर, आकार कपाटांच्या रांगेएवढा. त्या संस्थेत आगगाडीच्या छोट्या प्रतिकृती चालवणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक क्लब होता. रूळ, सांधे, विजेच्या कळा यांत रात्री घालवणारी ही मंडळी. त्यांच्या कंपूतल्या स्टीव्ह रसेल या तरुणाने १९६२ च्या आरंभी पडद्यावर दोन अंतराळयाने आणून त्यांची लढाई लावून दिली. त्या खेळाचे नाव ‘स्पेसवॉर’. मागे तारे होते, पण ते मनमानी विखुरलेले. पीटर सॅमसन याला ते सहन होईना. त्याने खऱ्या आकाशातले तारे त्यांच्या कमीजास्त तेजासह पडद्यावर मांडले. डॅन एडवर्ड्सने मधल्या सूर्याला गुरुत्वाकर्षण दिले. यंत्राच्या पुढच्या कळा दाबून दाबून खेळणाऱ्यांची कोपरे दुखू लागली, तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब सॉण्डर्स यांनी क्लबातल्याच अडगळीतून हातात धरायच्या पेट्या तयार केल्या. खेळासाठी यंत्राला नवा अवयव जोडण्याची ही पहिल्या पहिल्या उदाहरणांतील एक गोष्ट म्हणायला हरकत नाही.

रसेलला या खेळाचा एक पैसाही मिळाला नाही. मिळाला तो कंपनीला एक उपयोग. यंत्राचा कानाकोपरा या खेळाने कामाला लागे. म्हणून कारखान्यातून बाहेर पडणारे यंत्र ठाकठीक आहे की नाही, हे ‘स्पेसवॉर’ चालवून पाहण्याचा प्रघात पडला. घोडा पारखायचा तर त्याला दौडवून पाहावे लागते, तसे.

पण ते यंत्र त्या मुलांचे नव्हते. ते संस्थेचे होते. खोलीची किल्ली दुसऱ्याकडे, वेळेचा तक्ता दुसऱ्याचा, आणि मुलांच्या वाट्याला येई ती रात्र. यंत्र माणसाच्या घरी यायला आणखी तेरा वर्षे लागली, आणि ते आले तेही सुट्या भागांच्या पुडक्यातून.

न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की गावी एड रॉबर्ट्स नावाचा धिप्पाड गृहस्थ गणकयंत्रे विकत असे. पूर्वी हवाई दलात होता. मोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या, भाव कोसळले आणि रॉबर्ट्स गळ्यापर्यंत कर्जात बुडाला. अशा वेळी शहाणा माणूस दुकान बंद करतो. याने उलट घरी जुळवता येईल असा संगणक काढायचे ठरवले. इंटेलची ८०८० ही चिप किरकोळीत तीनशेसाठ डॉलरला मिळे. घाऊक घेण्याच्या बोलीवर त्याने ती पंचाहत्तराला पाडली. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर त्याचा ‘अल्टेअर ८८००’ झळकला. सुट्या भागांची किंमत चारशे डॉलरच्या आत. गंमत अशी, की मासिकाकडे पाठवलेले एकुलते एक यंत्र वाटेतच गहाळ झाले होते. मुखपृष्ठावर होती ती नुसती रिकामी पेटी! तरी काही महिन्यांत हजारो लोकांनी पैसे पाठवले.

त्यांना मिळाले काय? पुठ्ठ्याच्या खोक्यात चिपा, तारा, पत्रे. रात्र रात्र डाग देऊन हे सारे जुळवायचे. जुळल्यावरही त्याला ना कळफलक, ना पडदा. पुढे खटक्यांची रांग आणि वर बारीक लाल दिव्यांची रांग, बस्स. स्मरणशक्ती २५६ बाइट. आजच्या रीतीने देवनागरी साठवायचे म्हटले, तर अक्षरे, काना-मात्रा सगळे धरून पंच्याऐंशी चिन्हे त्यात मावतील. म्हणजे या परिच्छेदाची पहिली तीन वाक्ये. आणि वीज गेली की तेही पुसले! व्यवहारी नजरेने पाहता हा निव्वळ वेडेपणा होता. बायकांनी स्वयंपाकघरातून काय ऐकवले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आणि तरीही ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच याच्या मोटारीच्या गॅरेजात असे तीसेक वेडे एकत्र जमले. पावसाळी रात्र होती. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ त्याचे नाव पडले. त्यांतला एक स्टीव्ह डॉम्पियर. आपले यंत्र अजून का आले नाही हे पाहायला हा पठ्ठ्या थेट आल्बुकर्कीला विमानाने जाऊन आला होता! पुढच्या एका सभेत त्याने आपले अल्टेअर आणले, जमिनीवर बसून एकेक खटका वरखाली करीत आज्ञा भरल्या. तेवढ्यात कोणाचा तरी पाय तारेत अडकला आणि सगळे पुसले. त्याने न कुरकुरता पुन्हा पहिल्यापासून भरले. मग यंत्रावर एक लहान रेडिओ ठेवला. अल्टेअरमधून रेडिओत खरखर उमटते हे त्याला घरी योगायोगाने कळले होते. कोणत्या आज्ञेने कोणता सूर निघतो हे त्याने बसून शोधून काढले होते. रेडिओतून बीटल्सचे गाणे वाजू लागले. सभा आधी स्तब्ध झाली, मग सारे उठून टाळ्या वाजवू लागले.

हिशेब नाही, पत्रे नाहीत, धंदा नाही. घरच्या संगणकाने भरसभेत केलेले पहिले काम म्हणजे गाणे! त्याच मे महिन्यात डीन मॅकडॅनियल याने अल्टेअरसाठी एक खेळ लिहिला. दिवा या टोकाकडून त्या टोकाकडे पळत असतो. तो नेमका ज्या खटक्यावर येईल तो खटका त्याच क्षणी मारून त्याला विझवायचे. चुकलात तर आणखी एक दिवा पेटतो. या खेळाच्या आज्ञांना तीस बाइटही लागत नाहीत. ज्याने स्वतः तो दिवा डाग देऊन बसवला आहे, त्याला त्या दिव्यामागे धावण्यात काय सुख असेल, हे दुसऱ्याला सांगून कळायचे नाही.

रॉबर्ट्सने १९७७ मध्ये कंपनी विकली, वैद्यकी शिकला आणि जॉर्जिया राज्यात एका लहान गावचा डॉक्टर झाला. २०१० मध्ये तो वारला. कादंबरीत असे पात्र घातले असते, तर संपादकांनी ‘हे पटत नाही’ म्हणून समासात खूण केली असती.

त्या गॅरेजातल्या सभेला स्टीव्ह वॉझनियॅकही होता. भिंत फोडायचा ‘ब्रेकआउट’ हा खेळ त्याने आधी अटारी कंपनीसाठी तारा-चिपांनी जुळवला होता. तोच खेळ आपल्या यंत्रावर नुसत्या आज्ञा लिहून खेळता यावा, या हौसेपायी १९७७ च्या ‘ॲपल-२’ मध्ये त्याने रंग, आवाज आणि फिरवायची चक्री घातली. भागीदार स्टीव्ह जॉब्झला आत जोडण्यांसाठी दोनच खाचा पुरे वाटत होत्या. वॉझनियॅक आठांवर अडून बसला आणि त्याने त्या मिळवल्या. खाच म्हणजे दार. दार असले की घरमालकाला घर वाढवता येते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले खरे भांडण हेच आहे. विकत घेतल्यावर यंत्र घेणाऱ्याचे, की विकणाऱ्याचेच?

आयबीएमने १९८१ मध्ये आपला ‘पीसी’ काढला तो बाजारात मिळणाऱ्या भागांतून, आणि आतल्या जोडणीचे नकाशेही स्वतःच छापून विकले. मूळ प्रणालीचा हक्क तेवढा राखून ठेवला. कॉम्पॅक कंपनीने मूळचे न पाहिलेल्या माणसांकडून ती नव्याने लिहून घेतली आणि कुलूप उघडले. मग हुबेहूब यंत्रांचे पेव फुटले. यांतले अस्सल कोणते, नक्कल कोणती, हे ओळखायला लोक काय करीत? मायक्रोसॉफ्टचा विमान उडवण्याचा खेळ लावून पाहत! तो थेट यंत्राच्या आतड्यांना हात घालणारा. त्यामुळे नकलेत थोडी जरी खोट असली, तरी विमान जमिनीवरच. ‘स्पेसवॉर’चा वारसा असा चालत आला.

ते पेव मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पोहोचले. रस्त्याचे नाव कधीच डॉ. भडकमकर मार्ग झाले, पण तोंडातले नाव बदलत नाही. ग्रँट रोडला उतरून मी १९९९ मध्ये आतेभावाबरोबर तिथे गेलो. बोळातल्या एकेका टेबलाएवढ्या दुकानांतून बोर्ड, रॅम, पत्र्याचे कॅबिनेट असे विकत घेत पिशव्या भरल्या. त्या वर्षीचा बोलबाला होता सेलेरॉन ३००ए या स्वस्त चिपचा. तिचे गणित पोरांना पाठ असे. बोर्डाचा ताल ६६, त्याला साडेचाराने गुणा, झाले ३००. ताल १०० करा, झाले ४५०! महागड्या चिपची चाल अर्ध्याहून कमी दामात. सगळ्याच चिपा टिकत नसत, पुष्कळ टिकत. घासाघीस करून भाजी घेणाऱ्या आमच्या आत्यालासुद्धा हा व्यवहार तत्काळ पटला.

रात्री आम्ही जमिनीवर चादर पसरून यंत्र जुळवले. कळ दाबली; पंखा फिरला, पडदा काळाच.

“दादा, पेटलंच नाही तर?”

“पेटेल रे. नाही पेटलं, तर पुन्हा उघडू.”

त्याने रॅमची पट्टी काढली, पुसली, दोन्ही अंगठ्यांनी खट्ट आवाज होईतो दाबली. पुन्हा कळ. आणि एकच ‘बीप’. संगणकाच्या भाषेत त्या एका आवाजाचा अर्थ ‘सारे क्षेम’. आत्याने आतून विचारले, “झालं का रे?” त्या रात्री आम्ही ‘डूम’ खेळलो. १९९३ चा हा खेळ तोवर जुनाच झाला होता. पण त्याच्या कर्त्यांनी नकाशे व राक्षस वेगळ्या फायलीत ठेवून दिले होते. ज्याला हवे त्याने ते बदलावेत. कितीकांनी बदलले. पुढे ‘हाफ-लाइफ’ या खेळाची अशीच मोडतोड करून दोघा हौशी तरुणांनी ‘काउंटर-स्ट्राइक’ केला, आणि आपल्या शहरांतल्या सायबर कॅफेंत त्यावर किती दुपारी खर्ची पडल्या त्याला मोजदाद नाही.

तेव्हा पालकांना मी काय सांगतो? ज्याला फक्त खेळायचे आहे, त्याला तयार डबाच बरा. स्वस्त पडतो, कटकट नाही. पण तो उघडता येत नाही, वाढवता येत नाही, आणि त्यावर काय चालावे हे बहुतांशी कंपनी ठरवते. ज्याला यंत्रच आवडते, त्याला तो पुरणार नाही.

खेळांतले देखावे रंगवण्यासाठी एकाच वेळी हजारो लहान लहान हिशेब करणारी कार्डे निघाली, आणि तीच पुढे भलत्याच कामी आली. २०१२ मध्ये टोरांटोच्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की या विद्यार्थ्याने खेळाची म्हणून विकली जाणारी दोन कार्डे आपल्या आईवडिलांच्या घरी, झोपायच्या खोलीत, दिवसचे दिवस चालवून संगणकाला चित्रे ओळखायला शिकवले. त्या वर्षीच्या स्पर्धेत इतर सारे फार मागे पडले. आज ज्या कृत्रिम बुद्धीची घरोघर चर्चा आहे, तिच्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. ती कार्डे काढणाऱ्या एनव्हिडिया कंपनीची खरी कमाई आता खेळणाऱ्या पोरांकडून येत नाही.

माझ्या दहावीतल्या एका मुलाने गेल्या मे महिन्यापासून पैसे साठवून बोर्ड, चिप, रॅम आणि कॅबिनेट घेतले आहे. कार्डाची खाच अजून रिकामी आहे. चिपच्या अंगच्या चित्रशक्तीवर तो जुने खेळ खेळतो, आणि कोणी घरी आले की कॅबिनेटची बाजू काढून ती खाच दाखवतो.