डाउनिंग, टॉमस आणि कुटुंब

डाउनिंग, टॉमस : (१७९१–१० एप्रिल १८६६). न्यूयॉर्कमधील कालवांचे नामांकित व्यापारी, खाद्यगृहाचे मालक आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतील कृष्णवर्णीय कार्यकर्ते. जन्म अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, शिंकोटीग बेटावर. आईवडील पूर्वी गुलाम होते. डाउनिंग नावाच्या कप्तानाने मेथडिस्ट पंथाच्या प्रभावाखाली त्यांना मुक्त केले; घराण्याचे आडनाव या मालकाचेच. पुढे ते दोघे गावातल्या प्रार्थनागृहाची देखभाल पाहत. ओहोटीला चिखलात उतरून शिंपले उकरायचे, कालवे काढायची, हे टॉमस यांचे बालपणापासूनचे शिक्षण. अमेरिका व ब्रिटन यांच्यातील १८१२ च्या युद्धाच्या सुमारास त्यांनी बेट सोडले. काही वर्षे फिलाडेल्फियात काढली, तेथे रिबेका वेस्ट यांच्याशी लग्न केले आणि १८१९ मध्ये हे जोडपे न्यूयॉर्कला आले.

त्या काळी न्यूयॉर्कच्या खाडीमुखात कालवांची रेलचेल होती. गरीब हातगाडीवर उभा राहून ती खाई, श्रीमंताच्या मेजवानीतही तीच असत. शहरभर कालवांची तळघरे होती आणि दारावरचा लाल कंदील ही त्यांची खूण. कॅनल स्ट्रीटवर सहा सेंटांत हवी तितकी कालवे मिळत. मात्र यांतल्या बऱ्याच तळघरांची कीर्ती चांगली नव्हती. सभ्य कुटुंबातल्या स्त्रिया तेथे पाऊल ठेवत नसत. या धंद्यात मुक्त कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. एक होडी, लांब दांड्याचे चिमटे आणि अंगमेहनत एवढ्या भांडवलावर त्यात उतरता येई, हे त्याचे उघड कारण.

डाउनिंग यांनीही तसेच केले. लहान होडीतून हडसन नदीच्या न्यू जर्सीकडील किनाऱ्यावर जायचे, कालवे काढून आणायची आणि विकायची. १८२५ मध्ये त्यांनी ५, ब्रॉड स्ट्रीट येथे स्वतःचे तळघर उघडले. त्या वेळी न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी पूर्णपणे संपायला अजून दोन वर्षे होती. वॉल स्ट्रीट हाकेच्या अंतरावर. सावकार, दलाल, जकातघरातले अधिकारी, राजकारणी हेच गिऱ्हाईक. डाउनिंग यांनी धंद्याचा बाजच बदलला. गालिचे, आरसे, झुंबरे, भारी पडदे अशी सजावट केली, त्यामुळे पतीसोबत स्त्रियाही येऊ लागल्या. ताटात भाजलेली, तळलेली, रश्श्यातली कालवे असत. कालवे भरलेली टर्कीही असे. दहा वर्षांत शेजारची दोन तळघरेही त्यांच्या ताब्यात आली. खाली खाऱ्या पाण्यात जिवंत कालवांचा साठा ठेवलेला असे.

सजावटीपेक्षा खरेदीतले कसब मोठे होते. पहाटेच्या अंधारात ते होडीने गलबतांपर्यंत जात, कप्तानाकडून निवडक माल उचलत आणि मग धक्क्यावर येऊन उरलेल्या मालाच्या लिलावात चढी बोली लावत. प्रतिस्पर्ध्याला दुय्यम माल महाग पडे, कप्तान मात्र खूश. दुसऱ्या दिवशी उत्तम कालवे पुन्हा डाउनिंग यांनाच. मसाल्यात मुरवलेली कालवे ते युरोपात पाठवत. राणी व्हिक्टोरियाकडून त्यांना सोन्याचे घड्याळ भेट आले, ते या कालवांमुळे. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स यांच्या सन्मानार्थ झालेल्या ‘बॉझ बॉल’ या समारंभाच्या खानपानाचे कंत्राट त्यांना मिळाले. त्याची रक्कम २,२०० डॉलर होती.

या वैभवाला एक विचित्र अट होती. खाद्यगृह गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिवावर चाले. मालकाच्या जातभाईंना तेथे मेजावर बसवणे म्हणजे धंदा बुडवणे. तरी त्याच तळघरात पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळे, असे सांगितले जाते. मिळालेला पैसा डाउनिंग यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांसाठी आणि मताधिकाराच्या लढ्यासाठी वापरला. १८२१ च्या राज्यघटनेनुसार न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता लागे. गोऱ्यांना ही अट नव्हती. डाउनिंग यांच्याकडे मालमत्ता भरपूर होती, पण रस्त्यावरच्या घोडागाडीत तिचा उपयोग नव्हता. १८४० च्या सुमारास हार्लेम रेल्वेच्या माणसांनी त्यांना मारहाण केली आणि न्यायालयातही दाद लागली नाही. १८५५ मध्ये सिक्स्थ ॲव्हेन्यूच्या गाडीतून उतरायला सांगितले गेले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. प्रवाशांनी त्यांना ओळखून त्यांची बाजू घेतली आणि गाडी पुढे निघाली. हीच वागणूक एखाद्या अनोळखी मजुराच्या वाट्याला आली असती तर प्रवाशांनी ब्र काढला असता का, याची शंकाच आहे.

टॉमस व रिबेका यांना पाच मुले झाली. थोरले जॉर्ज (३० डिसेंबर १८१९–२१ जुलै १९०३) मलबेरी स्ट्रीटवरील आफ्रिकन फ्री स्कूलमध्ये शिकले; पुढे कृष्णवर्णीयांचे नेते झालेले हेन्री हायलँड गार्नेट आणि अलेक्झांडर क्रमेल हे त्यांचे शाळासोबती. गुलामगिरी असेपर्यंत ४ जुलैचा अमेरिकी स्वातंत्र्यदिन साजरा करायचा नाही, असे या पोरांनी ठरवले होते. १८४१ मध्ये जॉर्ज यांनी सेरेना डीग्रास यांच्याशी लग्न केले. भारतीय वाचकाला रस वाटावा अशी गोष्ट म्हणजे सेरेना यांचे वडील जॉर्ज डीग्रास कलकत्त्यात जन्मलेले होते आणि १८०४ मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले होते. १७९० च्या कायद्याने ते केवळ ‘मुक्त गोऱ्या’ परदेशीयांसाठी राखलेले असताना! सेरेना यांचे बंधू जॉन हे मॅसॅचुसेट्स मेडिकल सोसायटीचे सदस्य झालेले कृष्णवर्णीय डॉक्टर.

जॉर्ज यांनी खानपानाचा व्यवसाय ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टला नेला. तेथे बांधलेली त्यांची ‘सी गर्ट हाउस’ ही इमारत डिसेंबर १८६० मध्ये आगीत गेली. राज्यातल्या शाळांमधील वर्णभेदाविरुद्ध त्यांनी १८५७ पासून झुंज दिली. १८६६ मध्ये तो कायद्याने संपला. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस यांच्यासह ते मताधिकाराची मागणी घेऊन राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना भेटले, पण हाती काही लागले नाही. पुढे काही वर्षे वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहाचे भोजनालय त्यांनी चालवले. वडिलांचे चरित्र त्यांनी १८८७ मध्ये लिहिले. टॉमस यांच्याविषयीच्या बऱ्याच आठवणी त्यातूनच पुढे आल्या. अर्थात त्या मुलाने सांगितलेल्या आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

कृष्णवर्णीयांना नागरिकत्व देणारा नागरी हक्क कायदा ९ एप्रिल १८६६ रोजी संसदेने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून मंजूर केला. दुसऱ्या दिवशी टॉमस वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी न्यूयॉर्कच्या चेंबर ऑफ कॉमर्सने कामकाज बंद ठेवले. जॉर्ज यांचे पुत्र फिलिप (१८५७–१९३४) यांनी खानपानाच्या व्यवसायाऐवजी नोकरीची वाट धरली आणि १८९१ मध्ये रस्त्यावरच्या टपालपेटीच्या रचनेची एकस्वे मिळवली.